जुन्या कोअर टू ड्युओवर इन्स्टॉलेशन मधेच फसतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००९-१०च्या सुमाराचा असेंबल केलेला डेस्कटॉप: इंटेल कोअर टू ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमच्या २ जीबीच्या दोन पट्ट्या आणि ३२० जीबीची सेटा हार्ड डिस्क. विंडोज ७ काढून विंडोज १० टाकायला घेतलं, तर फाइली कॉपी होताना एकदा ३७ टक्क्यांवर आणि पुढच्या वेळी ६१ टक्क्यांवर ०एक्स८००७०५७० हा एरर आला. आयएसओ (इन्स्टॉलेशनची संपूर्ण फाइल) पुन्हा डाउनलोड केली, पेनड्राइव्ह बदलला, तरी तेच. मग लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) घेतलं. ते शेवटपर्यंत गेलं आणि 'ग्रब-इन्स्टॉल फेल्ड' म्हणून थांबलं (ग्रब म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम). आता मशीन चालू केलं की काळ्या स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकतो.

यात दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि दोन्ही एकाच वेळी सोडवायला गेलात तर गोंधळ वाढेल. विंडोजचा बिघाड हार्डवेअरचा दिसतो. मिंटचा बिघाड पार्टिशन टेबलचा (डिस्कचे भाग कसे पाडलेत याच्या नोंदीचा) दिसतो. हार्डवेअर आधी तपासा, कारण ते खराब असताना दुसरा बिघाड सुटला तरी ती सिस्टिम टिकणार नाही.

हार्डवेअरवर संशय का? दोन्ही वेळी इन्स्टॉलेशन वेगवेगळ्या जागी अडकलं म्हणून. दर वेळी अगदी त्याच टक्क्यावर अडकत असेल तर आयएसओ किंवा पेनड्राइव्हमधली ठरावीक जागा खराब असण्याची शक्यता जास्त. जागा बदलत असेल आणि पेनड्राइव्ह बदलूनही फरक पडत नसेल तर रॅम, हार्ड डिस्क, तिची केबल, उष्णता किंवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), यांपैकी काहीतरी आहे. म्हणून इन्स्टॉलेशन फसलं की पहिलं काम म्हणजे स्क्रीनचा फोटो काढणं आणि टक्का लिहून ठेवणं. लोक एरर वाचतात, टक्का विसरतात, आणि खरी खूण तिथेच असते.

०एक्स८००७०५७० या कोडचा अर्थ 'फाइल खराब आहे, वाचता येत नाही' एवढाच. पण विंडोजचा सेटअप एक मोठी दाबून भरलेली फाइल रॅममध्ये उलगडतो आणि तिचे तुकडे तपासत पुढे जातो. रॅममध्ये एक बिट जरी उलटला तरी तपासणी चुकते आणि दोष फाइलवर येतो. त्यामुळे हा कोड पाहून लोक आयएसओमागून आयएसओ डाउनलोड करत बसतात. ०एक्स८००७०२५डी हा कोडही याच जातीचा. ०एक्स८००७००१७ आला तर मात्र आधी डिस्क, केबल आणि पेनड्राइव्ह पाहावेत, कारण तो थेट वाचनातल्या चुकीचा कोड आहे.

सुरुवात करण्याआधी एक काम. त्या ३२० जीबी डिस्कवर जुने फोटो किंवा कागदपत्रं असतील तर कुठलीही चाचणी करण्याआधी ती बाहेर काढा. मिंटचा पेनड्राइव्ह लाइव्ह (इन्स्टॉल न करता, पेनड्राइव्हवरूनच) चालवा, बाहेरची डिस्क जोडा आणि कॉपी करा. मिंट टाकताना 'इरेज डिस्क' निवडलं असेल तर जुनं पार्टिशन गेलेलं असेल. तसं असेल आणि डेटा महत्त्वाचा असेल तर आता डिस्कवर काहीही लिहू नका, आधी डेटा परत मिळवायच्या मार्गाला लागा. डिस्क मरणपंथाला लागलेली असेल तर लांबलचक चाचणी तिला संपवूही शकते, म्हणून आधी कॉपी आणि मग चाचणी.

आता आयएसओ. हे पाच मिनिटांचं काम आहे, ते एकदाच आणि नीट करा. रूफस या बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आयएसओ निवडल्यावर बाजूला बरोबरच्या खुणेचं छोटं बटण असतं. ते दाबलं की शा-२५६ हॅश (फाइलचा जणू ठसा) दिसतो. मिंटच्या साइटवर दिलेल्या हॅशशी तो पूर्ण जुळवा, पहिली-शेवटची चार अक्षरं पाहून सोडू नका. जुळला तर आयएसओ निर्दोष, तो विषय बंद. पेनड्राइव्हसाठी रूफसमधलाच 'चेक डिव्हाइस फॉर बॅड ब्लॉक्स' पर्याय एकदा चालवा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय किंवा पुण्याची तपकीर गल्ली काय, अगदी स्वस्तात मिळालेला '६४ जीबी' पेनड्राइव्ह आतून ८ जीबीचा असू शकतो, आणि अशा ड्राइव्हवर खरी जागा संपली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला असतात. ही चाचणी तो खोटेपणाही पकडते. चाचणीत ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

तुमच्या मशीनसाठी रूफसमध्ये पार्टिशन स्कीम 'एमबीआर' (डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धत, नवी ती 'जीपीटी') ठेवा. जी४१च्या बहुतेक बोर्डांवर यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) नसतो, जुना बायोसच असतो. 'जीपीटी' निवडून बनवलेला पेनड्राइव्ह तिथे बूटच होणार नाही. मिंटसाठी रूफस 'आयएसओ मोड की डीडी मोड' असं विचारतो. आधी आयएसओ मोड वापरा, बायोसला तो ड्राइव्ह पचला नाही तर डीडी मोड. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या, थेट बोर्डावरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची वायर आत सैल झालेली असते आणि मोठ्या कॉपीत ती दगा देते. आणखी एक गोष्ट बरीच सतावते: या काळातल्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह 'बूट डिव्हाइस'च्या यादीत वेगळा दिसत नाही, तो 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी'च्या आत असतो, आणि बायोसमध्ये शिरताना तो लावलेला असेल तरच दिसतो.

बायोसमध्ये गेलाच आहात तर 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' करून घ्या. कुणी कधीतरी रॅमचा वेग वाढवून ठेवलेला असेल तर तो मूळ पदावर येतो. मग दोन गोष्टी पाहा. 'एक्झिक्यूट डिसेबल बिट' चालू हवा. तो बंद असेल तर विंडोज ८च्या पुढचा कुठलाही सेटअप सुरुवातीलाच ०एक्स०००००५डी देऊन थांबतो. दुसरं, 'यूएसबी लेगसी सपोर्ट' चालू हवा. सेटा डिस्कचा नवा एएचसीआय मोड शोधत बसू नका. जी४१सोबत सहसा येणाऱ्या आयसीएच७ चिपमध्ये तो नसतोच, आयडीई मोडवरच काम चालवायचं आहे. फक्त 'कम्बाइन्ड'ऐवजी 'एन्हान्स्ड' निवडा, नाहीतर काही सेटा पोर्ट दिसेनासे होतात.

आता मुख्य संशयित, रॅम. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकून चालवा. नावातलं अधिक चिन्ह महत्त्वाचं आहे: त्याच नावाचा, पण अधिक चिन्ह नसलेला दुसरा प्रोग्रॅम आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त यूईएफआयवर चालतात, तुमच्या बोर्डावर नाही. किमान एक पूर्ण पास (चाचणीची फेरी) होऊ द्या. ४ जीबीला या प्रोसेसरवर तासाभराच्या आसपास वेळ लागेल. जमलं तर रात्रभर ठेवा, कारण काही पट्ट्या गरम झाल्यावरच चुकतात. एकही लाल ओळ आली तरी निकाल 'खराब'. 'हजारात एकच चूक आहे, चालेल' असं रॅमच्या बाबतीत नसतं.

लाल ओळ आली म्हणून लगेच पट्टी फेकू नका. आधी साफसफाई. वीज बंद, वायर काढलेली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवलेली. पट्टी काढून तिच्या सोनेरी पिनांवर साधं पांढरं खोडरबर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत या पिनांवर काळपट थर चढतो आणि पुष्कळदा सगळा बिघाड तेवढाच असतो. पट्टी परत बसवताना दोन्ही बाजूंच्या क्लिपा आपोआप 'टक्' करून बंद झाल्या पाहिजेत. एकच झाली असेल तर पट्टी तिरकी बसली आहे.

त्यानंतर एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये घालून चाचणी. पट्टी 'अ' पहिल्या स्लॉटमध्ये, मग पट्टी 'ब' त्याच स्लॉटमध्ये. एक पास होते आणि एक नापास, तर पट्टी खराब. दोन्ही नापास होत असतील तर त्या दुसऱ्या स्लॉटमध्ये तपासा. तिथे पास झाल्या तर पहिला स्लॉट खराब आहे. २ जीबीवरही मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती इन्स्टॉल होते. त्यामुळे चांगल्या पट्टीवर काम पुढे न्या आणि दुसरीचं नंतर बघा.

मिंट शेवटपर्यंत गेलं म्हणजे रॅम चांगली, असा निष्कर्ष काढू नका. कॉपी होताना एखादी फाइल बिघडली तरी इन्स्टॉलर प्रत्येक वेळी तक्रार करत नाही. पुढे कधीतरी ब्राउझर उगाच बंद पडायला लागतो आणि दोष लिनक्सवर जातो.

रॅम निर्दोष निघाली तर डिस्क. मिंटच्या लाइव्ह सेशनमध्ये 'डिस्क्स' नावाचं ॲप आहे. डावीकडे ३२० जीबीची डिस्क निवडा, वरच्या तीन ठिपक्यांतून 'स्मार्ट डेटा' (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) उघडा. तिथे 'ठीक आहे' असं लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका, चार ओळी स्वतः वाचा. क्रमांक ५ म्हणजे डिस्कने स्वतःहून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. आणि १९९ म्हणजे केबलवरून डेटा येताना झालेल्या चुका.

१९७ शून्यापेक्षा जास्त असेल तर इन्स्टॉलेशन अडकण्याचं कारण बहुधा सापडलं. तो सेक्टर वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, टक्केवारी एका जागी गोठते, आतून टक-टक आवाज येतो. अशी डिस्क पूर्ण शून्यांनी भरली तर डिस्क ते सेक्टर एकतर वापरात परत घेते किंवा बदलून टाकते, आणि आकडा शून्यावर येऊ शकतो. त्यानंतर 'एक्स्टेंडेड' सेल्फ-टेस्ट करा. ३२० जीबीला दीड-दोन तास धरा. आकडा पुन्हा वर गेला तर त्या डिस्कवर सिस्टिम टाकू नका, कितीही भावली तरी. १९९चा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतोय का ते पाहा. वाढत असेल तर डिस्क नाही, सेटा केबल बदला. जुनी, क्लिप नसलेली लाल केबल नुसत्या पंख्याच्या थरथरीने सैल होते.

डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला जोडून तपासायची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो वापरा, पण त्यात 'रॉ व्हॅल्यू' सुरुवातीला हेक्समध्ये दिसते. तिथला '१०' म्हणजे सोळा.

मशीन एरर न देता थेट बंद पडत असेल किंवा आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी उष्णता आणि वीज. इन्स्टॉलेशनमध्ये प्रोसेसर बराच वेळ सलग राबतो, रोजच्या वापरात लपलेली उष्णता तिथे बाहेर पडते. बायोसच्या 'पीसी हेल्थ' पानावर दहा मिनिटं नुसतं थांबा. तापमान ५०च्या आसपास स्थिर राहिलं तर ठीक. ७० ओलांडून चढतच राहिलं तर हीटसिंक बसलेला नाही. या सॉकेटच्या इंटेल हीटसिंकला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. वर्षांनी त्यातली एखादी सुटते आणि हीटसिंक एका कोपऱ्यात उचलला जातो. वरून तो नीट बसल्यासारखाच दिसतो, म्हणून खुंटीची टोकं बोर्डाच्या मागच्या बाजूने पूर्ण बाहेर आली आहेत का ते पाहा. जुनी वाळलेली पेस्ट पूर्ण पुसून तुरीच्या डाळीएवढा नवा थेंब मधोमध ठेवा. पसरवू नका, दाबाने ती आपोआप पसरते. समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबा.

विजेसाठी मल्टिमीटर घ्या, बायोसमधले व्होल्टेजचे आकडे अंदाजी असतात. चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवर काळी आणि पिवळी वायर: ११.४ ते १२.६ व्होल्ट. काळी आणि लाल: ४.७५ ते ५.२५. याबाहेर असेल तर एसएमपीएस बदला. प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांची डोकी सपाट हवीत. फुगलेली असतील किंवा वर तपकिरी खपली दिसत असेल तर बोर्डाला कपॅसिटर बदलून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. आणि लाइट जाणाऱ्या भागात असाल तर यूपीएसची बॅटरी खरंच तासभर टिकते का, हे आधी पाहून मगच सुरू करा.

हे सगळं पार पडलं की मिंटचा ग्रबचा प्रश्न उरतो, आणि तो सोपा आहे. जुन्या बायोसवर ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसतो आणि त्याचा पुढचा भाग एमबीआर डिस्कवर पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत राहतो. डिस्क जीपीटी असेल तर ती मोकळी जागा नसते. त्यासाठी १ एमबीचं, फॉरमॅट न केलेलं 'बायोस बूट' पार्टिशन लागतं. ते नसेल तर ग्रबला घर नाही, म्हणून तो फेल होतो. विंडोज १०साठी केलेल्या प्रयोगांत किंवा हाताने पार्टिशन करताना डिस्क जीपीटी झाली असावी. दुसरी शक्यता: ग्रब कुठे टाकायचा हे विचारताना चुकून पेनड्राइव्ह किंवा एखादं पार्टिशन निवडलं गेलं.

३२० जीबीच्या डिस्कला जीपीटीची काहीच गरज नाही, ती गरज २ टीबीच्या पुढे लागते. शिवाय काही जुने बायोस जीपीटी डिस्क बूट करायलाच नकार देतात. म्हणून लाइव्ह सेशनमध्ये जीपार्टेड (पार्टिशन करायचं ॲप) उघडा. उजवीकडे वर डिस्क निवडताना तिचा आकार पाहा, ३२० जीबीची डिस्क साधारण २९८ जिबीबाइट (१०२४च्या पटीत मोजलेले जीबी) अशी दिसते. पेनड्राइव्ह निवडलेला नाही याची खात्री करा. 'डिव्हाइस' मेनूतून 'क्रिएट पार्टिशन टेबल', प्रकार 'एमएसडॉस'. यात डिस्कवरचं सगळं जातं. मग एक ईएक्सटी४ (लिनक्सच्या फॉरमॅटचं) पार्टिशन जवळपास पूर्ण डिस्कचं आणि शेवटी ४ जीबीचं स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा). इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडून ईएक्सटी४ला माउंट पॉइंट म्हणून फक्त एक तिरकी रेघ (/) द्या. खाली बूटलोडरसाठी यादी असते, तिथे पूर्ण डिस्क निवडा: एसडीए (लिनक्समधलं पहिल्या डिस्कचं नाव), पुढे आकडा नसलेली. एसडीए१ नाही. आणि पेनड्राइव्हच एसडीए झालेला नाही ना, हे आकार आणि कंपनीचं नाव पाहून ठरवा.

विंडोजच टाकायचं असेल तर 'निवडलेली डिस्क जीपीटी आहे' या अडथळ्यावर शिफ्ट+एफ१० दाबून काळी खिडकी उघडते. डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर, या क्रमाने. सिलेक्टच्या आधी आकार नक्की पाहा, कारण 'क्लीन' विचारत नाही, पुसून टाकतं. 'नवीन सिस्टिम पार्टिशन बनवता आलं नाही' असा संदेश आला तर बायोसमध्ये पेनड्राइव्ह पहिला आहे. हार्ड डिस्क पहिली करा आणि पेनड्राइव्ह फक्त एका वेळेपुरता बूट मेनूतून निवडा. पहिल्या रीस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर कारण तेच.

पण माझं स्पष्ट मत: या मशीनवर विंडोजचा हट्ट सोडा. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ तपासण्या चुकवून टाकायच्या युक्त्या बऱ्याच जण सांगतात, पण २४एच२ आवृत्तीपासून त्याला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना (इन्स्ट्रक्शन) लागते आणि कोअर टू ड्युओत ती नाही. तपासणी बंद करता येते, नसलेली सूचना आणता येत नाही. मिंट २२ मात्र या प्रोसेसरवर चालतं आणि त्याला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंटचा लोगो आल्यावर स्क्रीन काळी पडत असेल तर सुरुवातीच्या मेनूतून 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्या. बोर्डावरच्या इंटेल ग्राफिक्सला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कुणी जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर आधी ते काढून बघा. इन्स्टॉल झाल्यावर अपडेट 'अजून वैध नाही' म्हणत नाकारले जात असतील किंवा प्रत्येक वेबसाइट प्रमाणपत्राची तक्रार करत असेल तर वरच्या कोपऱ्यातली तारीख वाचा. ती पंधरा वर्षं मागे असेल. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. नवी ३ व्होल्टची बसवा, बायोसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम पुन्हा लावा.

खर्च करायचा असेल तर पहिला पैसा एसएसडीवर. १२० किंवा २४० जीबीचा साधा सेटा एसएसडी इथे अर्ध्याच वेगाने चालेल, तरी फरक पहिल्याच बूटला कळतो, आणि उद्या मशीन बदललं तर तो सोबत नेता येतो. रॅम वाढवताना मात्र जपून. जी४१ ४ जीबीची डीडीआर३ पट्टी घेतो, पण दोन्ही बाजूंनी मिळून १६ चिप असलेलीच. आजकाल दुकानात मिळणारी ८ चिपांची पट्टी दिसायला तशीच असते, ती या बोर्डात एकतर अर्धी दिसते किंवा मशीन चालूच होत नाही. विकत घेण्याआधी चिपा मोजा, आणि परत घेण्याचं बोलून ठेवा.